वॉरंटी कोणाची आणि कधीपासून? रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतानाचा अनुभव

भाचीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घ्यायचे ठरले तेव्हा तिला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी पाहून एक गोष्ट लगेच लक्षात आली. आमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या नव्या लॅपटॉपपेक्षा, कार्यालयीन वापरासाठी बनवलेला, तीन-चार वर्षे वापरून परत आलेला आणि नीट तपासून दुरुस्त केलेला लॅपटॉप तिला अधिक उपयोगी पडणार होता. मोठ्या संस्था आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप भाडेतत्त्वावर घेतात, मुदत संपली की ते परत जातात आणि साफसफाई, दुरुस्ती होऊन पुन्हा विक्रीला येतात. डेलची लॅटिट्यूड, लेनोव्होची थिंकपॅड आणि एचपीची एलिटबुक या मालिका या बाजारात सतत दिसतात त्या याच कारणाने. या लॅपटॉपची बांधणी दणकट असते, त्यांतील अनेकांची रॅम आणि डिस्क सहज बदलता येते आणि सुटे भागही पुष्कळ काळ मिळत राहतात. त्यामुळे असा ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे वापरून परत आलेला आणि दुरुस्त केलेला, लॅपटॉप घ्यावा की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता चटकन सुटला. त्यातला नेमका कोणता घ्यावा आणि विकणारा जे सांगतो ते खरे कसे मानावे, या प्रश्नाला मात्र मी भरपूर वेळ दिला आणि तो देणे मला आवश्यक वाटले.

जाहिराती चाळताना पहिली अडचण आली ती अशी की, ‘रिफर्बिश्ड’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळा माल विकला जात होता. ग्राहकाने खोके उघडून परत केलेला आणि जवळजवळ न वापरलेला लॅपटॉप, उत्पादक कंपनीने स्वतः तपासून पुन्हा विक्रीस ठेवलेला लॅपटॉप, स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याने भाग बदलून तयार केलेला लॅपटॉप आणि फक्त पुसून विंडोज नव्याने टाकलेला जुना लॅपटॉप, या चौघांनाही तेच बिरूद लावलेले होते. त्यापुढे ‘ए ग्रेड’, ‘ए प्लस ग्रेड’ अशी श्रेणी लिहिलेली असे. पण ही श्रेणी बहुतेक ठिकाणी विक्रेताच आपल्या मनाप्रमाणे देतो आणि ती मुख्यतः बाहेरच्या ओरखड्यांबद्दल बोलते, आतल्या भागांबद्दल नाही. एका विक्रेत्याचा ‘ए’ दुसऱ्याच्या ‘बी’पेक्षा वाईट निघालेला मी समोरासमोर ठेवून पाहिला. म्हणून श्रेणीकडे दुर्लक्ष करून मी प्रत्येक विक्रेत्याकडे आधी दोनच गोष्टी मागू लागले : लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि वॉरंटीच्या लेखी अटी.

सिरीयल नंबर बहुधा लॅपटॉपच्या तळाशी छापलेला किंवा चिकटवलेला असतो. डेलच्या लॅपटॉपवर त्यालाच सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो; काही कंपन्यांच्या बाबतीत त्याच्या जोडीला प्रॉडक्ट नंबरही लागतो. हा क्रमांक उत्पादकाच्या सपोर्टच्या पानावर टाकला की मॉडेल कोणते, मूळ वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपते, हे दिसते. डेलसारख्या कंपनीच्या पानावर तर तो कारखान्यातून बाहेर पडताना त्यात काय काय बसवले होते याचीही यादी मिळते. ‘फक्त वर्षभर वापरलेला’ असे सांगितलेल्या एका लॅपटॉपची मूळ वॉरंटी केव्हाच संपून गेलेली मी या पानावर पाहिली आणि विक्रेत्याशी पुढचे बोलणे थांबवले. काही विक्रेते फोटोमध्ये हा क्रमांक झाकतात. त्यामागे दुसऱ्याने तो उचलून गैरवापर करू नये हे रास्त कारण असू शकते, हे मला मान्य आहे. पण प्रत्यक्ष विचारणाऱ्या ग्राहकालाही जो विक्रेता क्रमांक देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मूळ बांधणीची यादी हाती आली की जाहिरातीशी ती ताडून पाहता येते. मला आवडलेल्या एका लॅपटॉपच्या यादीत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची डिस्क होती, तर जाहिरातीत १६ जीबी आणि ५१२ जीबी. म्हणजे दोन्ही भाग नंतर बदलले होते. यात गैर काहीच नाही, उलट बऱ्याचदा ग्राहकाचा फायदाच असतो. पण बसवलेली डिस्क नवी आहे की दुसऱ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली आहे, आणि तिच्यावर वॉरंटी कोण देणार, हे प्रश्न त्यातूनच सुचतात.

सिरीयल नंबर फक्त स्टिकरवर वाचून भागत नाही, कारण तळाचे झाकण दुसऱ्या लॅपटॉपचे असू शकते. तोच क्रमांक मदरबोर्डवरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, चिपमध्येही नोंदलेला असतो आणि लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, शिरून तो पाहता येतो. विंडोज चालू असेल तर पॉवरशेल या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतूनही तो वाचता येतो. एका दुकानात मला दाखवलेला लॅपटॉप बाहेरून अगदी स्वच्छ होता. किल्ल्यांवरची अक्षरे ठसठशीत, पडदा निर्दोष, बिजागऱ्या घट्ट. मी दुकानदाराच्या परवानगीने तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि बायोसचे पहिले पान उघडले. सिरीयल नंबरच्या ओळीत स्टिकरवरचा क्रमांक नव्हताच. तिथे ‘इनव्हॅलिड’ एवढाच शब्द होता. अधिकृत सेवा केंद्रात मदरबोर्ड बदलला की त्या नव्या बोर्डावर जुनाच क्रमांक लिहिला जातो. तो लिहिलेला नसेल तर बोर्ड बाहेर कुठेतरी बदलला आहे, असे मानायला जागा असते.

दुकानदाराने ते नाकारले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. बोर्ड बदललेला आहे आणि उत्तम चालतो आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. मग मी त्याच्या वॉरंटीचा कागद मागून घेतला आणि तिथेच उभी राहून वाचला. सहा महिन्यांच्या त्या वॉरंटीतून तीन गोष्टी वगळल्या होत्या : बॅटरी, पडदा आणि मदरबोर्ड. ज्या भागावर सगळ्यात जास्त शंका घ्यावी, नेमका तोच भाग वॉरंटीच्या बाहेर होता. लॅपटॉपची ओळख पटवणे आणि वॉरंटी वाचणे ही दोन वेगळी कामे नसून एकच काम आहे, हे मला या कागदाने दाखवून दिले. कोणता भाग बदलला आहे हे ठाऊक असेल तरच अटींमधले कोणते वाक्य आपल्या कामाचे आहे, हे कळते.

त्यानंतर मी वॉरंटीबद्दल विचारायचे प्रश्न एका जागी लिहून काढले आणि प्रत्येक विक्रेत्याला तेच पाठवू लागले. सर्वांत पहिला प्रश्न, ही वॉरंटी कोणाची आहे? उत्पादक कंपनीची मूळ वॉरंटी पहिल्या खरेदीपासून मोजली जाते, लॅपटॉप आपल्या हातात आल्यापासून नाही. कार्यालयीन लॅपटॉपवर ती अनेकदा तीन वर्षांची असते आणि भाडेपट्टाही तेवढाच चालतो. त्यामुळे लॅपटॉप बाजारात येईपर्यंत ती बहुधा संपलेली असते. शिल्लक असेल तर ती सपोर्टच्या पानावर तारखेसह दिसते. ती नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावी लागते का आणि लॅपटॉप ज्या देशात विकला गेला त्याच्या बाहेर ती चालते का, हेही पाहावे लागते. उत्पादकाने स्वतः रिफर्बिश करून विकलेल्या मालाची गोष्ट वेगळी आहे. ॲपल आपल्या अधिकृत रिफर्बिश्ड मॅकवर नव्या मॅकप्रमाणेच एक वर्षाची वॉरंटी देते आणि ॲपलकेअर ही जादा पैसे देऊन घ्यायची वाढीव सेवाही घेऊ देते. ज्यांना तपासणीचा खटाटोप नको आहे आणि थोडे अधिक पैसे देणे परवडते, त्यांच्यासाठी उत्पादकाकडून थेट घेणे हाच मार्ग मला योग्य वाटतो.

आमच्यासमोर मात्र विक्रेत्याचीच वॉरंटी होती आणि तिच्यात शब्दाशब्दाला फरक पडतो. मुदत बिलाच्या तारखेपासून सुरू होते की लॅपटॉप हातात पडल्यापासून? बिघाड झाला तर विक्रेता दुरुस्त करून देणार, बदलून देणार की पैसे परत करणार, आणि यातले काय करायचे हे कोण ठरवणार? लॅपटॉप पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च कोणाचा? दुरुस्तीला किती दिवस लागतील, याची काही मर्यादा लिहिली आहे का? रॅम वाढवण्यासाठी तळाचे झाकण उघडले तर वॉरंटी रद्द होते का? विक्री मोठ्या ऑनलाइन बाजारातून होत असेल तर वॉरंटी त्या बाजाराची आहे की तिथे माल ठेवणाऱ्या छोट्या विक्रेत्याची, आणि तो विक्रेता उद्या तिथून निघून गेला तर दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नांना आलेल्या उत्तरांतूनच निम्मी निवड झाली. काहींनी ‘ताई, काळजी करू नका, काही झालं तर आम्ही आहोत’ असे आपुलकीने सांगितले, पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा ते बोलेनासे झाले. एकाने ‘वॉरंटी सर्व भागांवर आहे’ असे कळवले आणि अटी मागितल्यावर ज्या पाठवल्या त्यात अर्धे भाग वगळलेले निघाले. शेवटी ज्याच्याकडून घेतला त्याने मात्र प्रत्येक प्रश्नाखाली सरळ उत्तर लिहिले. बॅटरीची मुदत इतर भागांपेक्षा कमी आहे, बाहेरून आपटल्याने किंवा पाणी सांडल्याने झालेले नुकसान धरले जाणार नाही, झाकण उघडले तर हरकत नाही पण आतला भाग आपण मोडला तर त्याची जबाबदारी आपली, अशी ती उत्तरे होती. त्यातली काही आमच्या सोयीची नव्हती. तरीही नाही म्हणायचे तिथे नाही म्हणणाऱ्या माणसाचे हो अधिक विश्वासाचे असते, म्हणून मी त्यालाच निवडले.

बॅटरी हा भाग जवळजवळ सगळ्या वॉरंटींमध्ये वेगळा ठेवलेला असतो; नव्या लॅपटॉपवरही अनेक उत्पादक तीन वर्षांच्या वॉरंटीत बॅटरीला एकच वर्ष देतात. म्हणून तिची प्रकृती घेण्याआधीच आकड्यात पाहावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय जोडून दिला की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर ती किती भरते, हे दोन आकडे मिलीवॉट-अवरमध्ये दिलेले असतात. मी पाहिलेल्या एका लॅपटॉपवर मूळ क्षमता ६०,००० आणि आताची ४१,००० होती, म्हणजे साधारण ६८ टक्के. जाहिरातीत तिलाच ‘बॅटरी एकदम उत्तम’ म्हटले होते. बॅटरी बदललेली असेल तर अहवालात उत्पादकाचे नावही पाहावे, म्हणजे ती मूळ कंपनीची आहे की दुसऱ्या कोणाची, याचा अंदाज येतो. आणि टचपॅड मधोमध उचलल्यासारखा वाटत असेल किंवा तळाचे झाकण एका बाजूने नीट बसत नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता धरून तो लॅपटॉप चार्जिंगला लावायच्याही भानगडीत पडू नये. आमच्या विक्रेत्याने बॅटरी किमान ८० टक्के असेल असे बिलावर लिहून दिले. वॉरंटीच्या लांबलचक कागदापेक्षा ती एक ओळ मला अधिक मोलाची वाटली.

डिस्कची तपासणी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने होते. ती किती तास चालली आणि तिच्यावर एकूण किती माहिती लिहिली गेली, हे त्यात दिसते. रोज आठ तास आणि वर्षातले २५० कामाचे दिवस धरले तर तीन वर्षांत ६,००० तास होतात. त्यामुळे मूळची म्हणून सांगितलेली डिस्क जर दहा-वीस तास दाखवत असेल, तर ती बदललेली आहे किंवा तिच्या नोंदी पुसलेल्या आहेत. दोन्हींचा खुलासा मागावा.

कार्यालयातून आलेल्या लॅपटॉपवर आणखी एक तपासणी मी कधीच वगळणार नाही आणि ती म्हणजे जुन्या मालकाच्या कुलपांची. बायोसला पासवर्ड असेल तर तो विक्रेत्याने काढून द्यायलाच हवा. ॲब्सोल्यूट नावाची, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधण्याची सोय अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्येच बसवलेली असते. ती चालू स्थितीत नाही ना, हे तिथेच पाहता येते. सगळ्यात फसवे प्रकरण विंडोज ऑटोपायलटचे, म्हणजे संस्थांचे लॅपटॉप आपोआप तयार करून देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचे. संस्थेने लॅपटॉपची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते आणि ती नोंद काढलेली नसेल, तर विंडोज नव्याने टाकले तरी इंटरनेटला जोडताच तो त्या संस्थेच्या खात्याने साइन-इन करायला सांगतो. ती नोंद बहुधा मूळ संस्थेकडूनच काढून घ्यावी लागते. विक्रेत्याने आधीच विंडोज टाकून ठेवलेला लॅपटॉप आपल्याला सुरळीत चालताना दिसतो आणि पुढे कधीतरी रिसेट केल्यावर हा पडदा समोर येतो. म्हणून मी विक्रेत्याला माझ्यासमोर लॅपटॉप पूर्ण रिसेट करून वाय-फायला जोडायला सांगितले. त्याला वेळ लागला, पण त्याने कुरकुर केली नाही. ‘तुमचा लॅपटॉप वैयक्तिक वापरासाठी आहे की संस्थेसाठी’ असा नेहमीचा प्रश्न आला तेव्हाच मी पुढचे बोलले. मॅक घेणाऱ्यांनी याच पद्धतीने ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या ॲपल खात्याचे कुलूप) आणि रिमोट मॅनेजमेंट (संस्थेचे दुरून नियंत्रण) पाहावे.

प्रोसेसरच्या बाबतीत थोडक्यात सांगते. इंटेलचा ‘आय-फाइव्ह’ एवढे सांगितल्याने लॅपटॉप किती जुना आहे हे कळत नाही. त्यापुढचा आकडा वाचावा लागतो. ८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, १०२१० मधले १० म्हणजे दहावी. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सातव्या पिढीचे लॅपटॉप अजूनही चकचकीत करून विकले जातात आणि त्यांवर काहीतरी युक्ती करून विंडोज ११ टाकलेलेही असते. अभ्यासासाठी पुढची काही वर्षे वापरायच्या लॅपटॉपवर असा आडमार्ग मला पसंत नव्हता. विंडोज खरे आहे का, हे ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेला ‘एक्सपीआर’ जोडून दिल्यावर कळते. सक्रियता कायमची आहे असे उत्तर आले तर ठीक; त्यात संपण्याची तारीख दिसली तर ते संस्थांसाठीच्या, १८० दिवसांनी पुन्हा नूतनीकरण लागणाऱ्या परवान्यावर चालू असण्याची शक्यता असते. आमच्या लॅपटॉपवर उत्तर कायमचे आले.

बिल करताना लॅपटॉपचा सिरीयल नंबर, तो रिफर्बिश्ड आहे ही नोंद, रॅम-डिस्कचे आकडे, बॅटरीची टक्केवारी आणि वॉरंटी सुरू होण्याची तारीख या सगळ्या गोष्टी त्याच कागदावर लिहून घेतल्या. चार्जर वेगळ्या कंपनीचा दिला होता, तोही मी तिथेच लावून पाहिला. आमचा लॅपटॉप डेलचा होता आणि डेलचे गोल पिनेचे चार्जर लॅपटॉपला आपली ओळख कळवतात. ती पटली नाही तर सुरू होताना चार्जर ओळखता येत नसल्याचा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि लॅपटॉपचा वेगही मंदावतो. तसा संदेश आम्हाला आला आणि विक्रेत्याने आतून दुसरा, मूळ चार्जर आणून दिला. हा दोष घरी गेल्यावर लक्षात आला असता तर तो आमच्या वायरिंगचा आहे की चार्जरचा, यावरच वाद घालावा लागला असता.

परत करण्याची मुदत असेपर्यंत भाचीने लॅपटॉप रोज आणि भरपूर वापरावा, असा माझा आग्रह होता. तिने प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून पाहिला, पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून बारीक ठिपके शोधले, व्हिडिओ कॉल करून माईक आणि कॅमेरा तपासला, आणि सुरू होताना एफ-१२ दाबून मिळणारी डेलची स्वतःची तपासणी पूर्ण चालवली. काही निघाले नाही. ‘मावशी, नवाच आहे की हा’ असे ती म्हणाली, पण बिल आणि अटींचे फोटो मी तिच्या आणि माझ्या दोघींच्या मेलवर ठेवून दिले.

त्यांची गरज वॉरंटीच्या काळातच पडली. डाव्या बाजूचा यूएसबी-सी पोर्ट सैल झाला आणि केबल जरा हलली की चार्जिंग तुटू लागले. मी बिलाचा फोटो, सिरीयल नंबर आणि केबल हलवल्यावर चार्जिंगचे चिन्ह कसे जाते-येते याचा छोटा व्हिडिओ पाठवला. लॅपटॉप पाठवण्यापूर्वी भाचीने आपली माहिती दुसरीकडे उतरवून घेतली आणि आपल्या खात्यातून साइन-आउट केले, कारण दुरुस्तीत माहिती गेली तर विक्रेता जबाबदार नाही, हे अटींमध्ये लिहिलेलेच होते. विक्रेत्याने पोर्ट बदलून दिला आणि नेण्या-आणण्याचा खर्चही ठरल्याप्रमाणे त्यानेच केला. बदललेल्या पोर्टवर नव्याने वॉरंटी मिळणार का, असे मी विचारले. मूळ वॉरंटीची जेवढी मुदत उरली आहे तेवढीच लागू राहील, असे लेखी उत्तर आले. ते उत्तर, दुरुस्तीची पावती आणि लॅपटॉप परत आल्यावर बायोसमध्ये तोच सिरीयल नंबर दिसतो आहे याचा फोटो, हे सगळे मी बिलाला जोडून ठेवले आहे.